फ्लॅट स्विंग पुन्हा पुन्हा का परततो: लक्षणे, तपासण्या आणि ड्रिल

(सगळे वर्णन उजव्या हाताने गोल्फ खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी डावे-उजवे उलटून वाचावे.)

बॅकस्विंगमध्ये, म्हणजे फटक्याआधी मागे नेताना, क्लब (गोल्फची काठी) वर न चढता कमरेभोवती पट्ट्यासारखा गुंडाळला जातो, त्याला फ्लॅट स्विंग म्हणतात. हा दोष हट्टी आहे. दोन आठवडे बरा वाटतो, मग एका दमलेल्या दिवशी परत हजर. तो परत येतो, कारण बहुतेक जण तो जिथे दिसतो तिथे, म्हणजे बॅकस्विंगच्या टोकाला, दुरुस्त करायला जातात. तो घडतो बॉलसमोर उभे राहताना आणि क्लबच्या पहिल्या दोन फुटांत.

लक्षणे

- बॉल उजवीकडे निघतो आणि उजवीकडेच राहतो, नाहीतर उजवीकडे निघून जोरात डावीकडे वळतो. पुश आणि हुक दोन्ही एकाच क्लबने, एकाच दिवशी.
- आयर्नने (नंबर असलेल्या धातूच्या क्लबने) डिव्हॉट, म्हणजे गवताचा तुकडा, निघतच नाही, किंवा क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागतो. एक शॉट थिन (बॉलला वरवर लागलेला), पुढचा फॅट (आधी जमिनीला लागलेला).
- रफमध्ये (उंच गवतात) गवत क्लबला धरते, फेस (बॉलला लागणारी सपाट बाजू) बंद होतो आणि बॉल डावीकडे खाली मरतो.
- बॉल पायांच्या पातळीपेक्षा खाली असला की हमखास टॉप, म्हणजे फटका बॉलच्या माथ्यावर. पायांच्या वर असला की मात्र सुरेख लागतो.
- बॉल फेसच्या हीलकडे (दांडीजवळच्या टोकाकडे) लागतो, मधूनच शँक होतो, म्हणजे दांडीच्या सांध्याला लागून भलतीकडे उडतो.
- ड्रायव्हर (सर्वांत लांब क्लब) बरा चालतो, वेज (जवळच्या, उंच शॉटचा आखूड क्लब) हातातच बसत नाही.

शेवटचे लक्षण सर्वांत बोलके. ड्रायव्हर सुमारे ४५ इंच लांब आणि त्याचा लाय अँगल (दांडीचा जमिनीशी कोन) साधारण ५८ ते ६० अंश. पिचिंग वेज बराच आखूड आणि लाय अँगल ६४ च्या आसपास. म्हणजे ड्रायव्हरचा स्विंग मुळातच जास्त आडवा असतो आणि तिथे हा दोष खपून जातो. वेज तो उघडा पाडतो.

याची एक दुसरी जातही आहे. क्लब मागे जाताना आत आणि खाली जातो, पण खाली येताना खेळाडू तो खांद्यावरून बाहेर फेकतो. मग पुल (डावीकडे सरळ जाणारा) आणि स्लाइस (उजवीकडे वळणारा) होतात, डिव्हॉट खोल आणि डावीकडे तोंड केलेले निघतात. असा खेळाडू 'मी वरून मारतो' म्हणून डाउनस्विंगच्या (क्लब खाली आणण्याच्या) मागे लागतो. बॅकस्विंगमध्ये क्लब पाठीमागे अडकला की परत बॉलवर यायला त्याला बाहेरूनच वळसा घ्यावा लागतो. बॅकस्विंग सुधारला की यातला बराचसा वळसा आपोआप जातो.

आधी ठरवा: दुरुस्ती लागते का?

नामांकित गोल्फपटू बेन होगनचा स्विंग फ्लॅटच म्हणत. मॅट कुचरचा तर बघताच डोळ्यांत भरतो. दोघांचे काही अडले नाही. नुसता फ्लॅट दिसतो म्हणून स्विंगला हात लावू नका. वरच्यापैकी निदान तीन लक्षणे सलग तीन-चार सराव सत्रांत दिसली तरच पुढे जा. बॉल तक्रार करत नसेल तर तुम्हीही करू नका.

मग व्हिडिओ. फोन तुमच्या मागे, टार्गेटच्या दिशेने तोंड करून, हातांच्या उंचीवर ठेवा. आडव्या दिशेने त्याची जागा म्हणजे टार्गेट लाइनला (बॉलपासून टार्गेटकडे जाणाऱ्या रेषेला) समांतर आणि हातांमधून जाणारी रेषा. फोन बॉलच्या रेषेवर किंवा त्याच्याही बाहेर ठेवला तर बरा स्विंगसुद्धा आत गेलेला, फ्लॅट दिसतो. पाठीच्या बाजूला सरकवला तर फ्लॅट स्विंग उभा दिसतो. चुकीच्या जागी ठेवलेल्या फोनमुळे नसलेला दोष महिनोन्‌महिने दुरुस्त करत बसलेले खेळाडू पुष्कळ भेटतात. जमिनीवर एक स्टिक टार्गेटकडे रोखून ठेवा, तिला समांतर दुसरी हातांखाली ठेवा आणि फोन त्या दुसऱ्या स्टिकच्या मागे, सरळ रेषेत उभा करा. ही जागा दर वेळी तीच हवी, नाहीतर मागच्या आठवड्याच्या व्हिडिओशी तुलना करता येणार नाही.

सात नंबरच्या आयर्नने पाच शॉट घ्या. व्हिडिओ दोन ठिकाणी थांबवा: मागे जाताना शाफ्ट (क्लबची दांडी) जमिनीला समांतर होतो तिथे, आणि डावा हात जमिनीला समांतर होतो तिथे. टोकाची स्थिती सध्या पाहूच नका.

तपासणी १: उभे राहणे

फुकटची तपासणी, आणि बऱ्याच जणांचा दोष इथेच सापडतो.

पाठ फार उभी असेल तर खांदे जमिनीला समांतर फिरतात, दरवाजा बिजागरीवर फिरतो तसे. खांदे आडवे फिरले की हातही आडवेच जातात, त्यांचा काही अपराध नाही. एक स्टिक दोन्ही खांद्यांवर छातीशी आडवी धरा, नेहमीसारखे वाका आणि बॅकस्विंगचे वळण घ्या. स्टिकचे डावे टोक बॉलच्या थोडे पलीकडे, जमिनीकडे रोखलेले हवे. ते समोरच्या भिंतीकडे किंवा क्षितिजाकडे रोखले असेल तर कमरेतून वाकणे कमी पडते आहे.

गुडघ्यांतून वाकणे म्हणजे कमरेतून वाकणे नव्हे. गुडघे जास्त वाकवले की पाठ उलट उभी होते. पाय जवळजवळ ताठ ठेवून नितंब मागे ढकला, वाका आणि शेवटी गुडघे जरासे सैल सोडा, हा क्रम उलटा करू नका.

मग बॉलपासूनचे अंतर. पोझिशन घेतल्यावर उजवा हात ग्रिपवरून सोडा आणि खांद्यापासून मोकळा लटकू द्या. लटकलेला हात ग्रिपपासून दूर, पायांच्या जवळ येत असेल तर तुम्ही बॉलपासून लांब उभे आहात. लांब उभे राहिले की क्लब खालून आडवा फिरवल्याशिवाय पोचतच नाही. मधल्या आयर्नला ग्रिपचे टोक आणि डावी मांडी यांत ढोबळमानाने चार ते सहा इंच, ड्रायव्हरला त्याहून थोडे जास्त. वजन पायांच्या बोटांमागच्या उंचवट्यावर हवे. टाचांवर गेलेले वजनसुद्धा क्लबला आत ओढते.

तपासणी २: ग्रिप

डाव्या हाताचा ग्रिप तळव्यातून तिरका गेला असेल तर मनगट वर मोडत नाही. मनगट मोडले नाही की क्लब वर जायला वाटच नाही, तो आजूबाजूला फिरतो. क्लब तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या बुडापर्यंत, बोटांतून जायला हवा आणि तळव्याची मांसल गादी त्याच्या वर बसायला हवी.

चाचणी सोपी. फक्त डाव्या हाताने क्लब धरा, हात जागचा न हलवता मनगटाने क्लबहेड अंगठ्याच्या दिशेने उचला. आरामात शाफ्ट जमिनीला समांतर आला तर ठीक. कोपर वाकवावे लागले किंवा कोपरापासूनचा हात पिळावा लागला तर ग्रिप बदला. नव्या ग्रिपने पहिले दोन दिवस बॉल कुठेही जाईल, तेव्हा या तपासणीचा निकाल लगेच लावू नका.

तपासणी ३: पहिले दोन फूट

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. व्हिडिओतले पहिले थांबलेले चित्र घ्या: शाफ्ट जमिनीला समांतर. मागून पाहताना क्लबहेडने हात झाकले जायला हवेत, किंवा ते किंचित बाहेर दिसायला हवे. क्लबहेड हातांच्या आत, तुमच्या पाठीकडे दिसले तर दोष सापडला. फेसही बघा. टो (क्लबहेडचे हीलच्या विरुद्ध टोक) सरळ वर किंवा पाठीच्या कलाइतका किंचित पुढे झुकलेला असेल तर उत्तम. फेस आकाशाकडे पाहत असेल तर क्लब हातांच्या पिळण्याने मागे गेला आहे, छातीच्या वळण्याने नव्हे. पिळलेला हात क्लबला ताबडतोब आत आणि खाली नेतो. पुढे तुम्ही तो कितीही उचला, त्याला योग्य प्लेनवर (क्लब ज्या तिरक्या पातळीत फिरायला हवा तिच्यावर) आणायला एक वेगळी हालचाल घालावी लागते, आणि दडपण आले की पहिल्यांदा तीच विसरते.

यावर तीन ड्रिल. तीनही एकदम करू नका, एक निवडा.

मागचा बॉल: खेळायच्या बॉलशिवाय दुसरा बॉल क्लबहेडच्या अगदी मागे चिकटवून ठेवा. बॅकस्विंग सुरू करताना क्लबने तो मागे ढकला. तो टार्गेट लाइनच्या मागच्या बाजूला सरळ घरंगळत गेला पाहिजे. तुमच्या टाचेकडे आला तर हात पिळले गेले. दहा वेळा नुसते ढकला, मग दोन शॉट मारा. निकाल बॉलच सांगतो, कोणाला विचारावे लागत नाही, म्हणून हे ड्रिल पहिले.

भिंत: नितंब भिंतीपासून साधारण एक फूट दूर ठेवून, भिंतीकडे पाठ करून उभे राहा. जुना क्लब किंवा काठी घ्या आणि अगदी हळू, डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंतच मागे जा. हात कमरेपर्यंत पोचायच्या आत क्लबहेड भिंतीला खरवडले तर तोच तुमचा दोष. वेगाने करायचे हे ड्रिल नाही. मनगट आणि भिंत दोन्ही दुखावतील.

आधी मनगट, मग वळण: पोझिशन घ्या. हात जागचे न हलवता मनगटांनी क्लब समोर उचला, शाफ्ट जमिनीला समांतर होईपर्यंत. आता तशाच मोडलेल्या मनगटांनी खांदे पूर्ण वळवा आणि हात थोडे वर जाऊ द्या. क्लब जिथे पोचेल ते तुमचे योग्य टोक. तिथे तीन सेकंद थांबा. खांद्याला, मनगटाला काय वाटते ते लक्षात ठेवा. मग खाली न मारता क्लब परत आणा आणि नेहमीच्या स्विंगने त्याच जागी पोचायचा प्रयत्न करा.

एक इशारा. योग्य प्लेन फ्लॅट खेळाडूला हास्यास्पद उभा वाटतो, क्लब आभाळाला टेकतो आहे असा. व्हिडिओ बघितला की कळते, जेमतेम दोन इंच फरक पडला आहे. वाटण्यावर विश्वास ठेवला तर पहिल्याच दिवशी 'फार झाले' म्हणून तुम्ही परत खाली याल.

तपासणी ४: अर्धा बॅकस्विंग

ग्रिपच्या टोकाला छोटे भोक असते. त्यात लाकडी टी (बॉल ठेवायची खुंटी) खोचा. डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंत मागे जा आणि थांबा. टी बॉलकडे, किंवा बॉल आणि पायांची बोटे यांच्या मधल्या पट्ट्याकडे रोखलेली हवी. बॉलच्या बरीच पलीकडे रोखली तर शाफ्ट फ्लॅट. पायांकडे रोखली तर उलट बाजूने जास्त उभा, आणि सुधारणा करताना लोक या खड्ड्यात हटकून पडतात.

जुने सल्लेही तपासा. 'उजवे कोपर बरगडीला चिकटव' हा सल्ला ज्याचे कोपर पंखासारखे उडते त्याच्यासाठी आहे. फ्लॅट खेळाडूने तो पाळला की कोपर पाठीमागे जाते आणि हात छातीच्या पुढे राहत नाहीत. काखेत टॉवेल दाबून मारण्याचे ड्रिलही तसेच. दोन्ही सध्या बंद. बेसबॉलसारखे कमरेच्या उंचीवर आडवे फिरवण्याचे ड्रिलही बंद. होगनने प्लेन समजवायला बॉलपासून निघून खांद्यांवर टेकलेल्या काचेची कल्पना वापरली होती. ती काच फुटू नये म्हणून कित्येक जण तिच्या इतके खाली राहतात की काचेचा संबंधच उरत नाही.

चिकटवण्याऐवजी रुंदी ठेवा: डाव्या हाताची मूठ छातीच्या मध्यापासून दूर, उजवे कोपर जमिनीकडे, पण बरगडीपासून सुटलेले.

उतार मिळाला तर तोच उत्तम शिक्षक. बॉल पायांच्या दोन-तीन इंच खाली येईल असे उभे राहा आणि आठ नंबरच्या आयर्नने अर्ध्या वेगाने मारा. तिथे फ्लॅट स्विंगने बॉल लागतच नाही, शरीर स्वतःच वर जाणारा रस्ता शोधते. सपाट जागी सराव करावा लागत असेल तर जाड फळीवर उभे राहून तोच परिणाम साधता येतो. फळी घसरणारी नको.

तपासणी ५: खाली येणे

बॅकस्विंग व्हिडिओत सुधारला, तरी पुश आणि हुक तसेच? मग क्लब खाली येताना पाठीमागे अडकतो आहे. इथे एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: बॉल कुठल्या दिशेने निघतो हे मुख्यतः फेस ठरवतो आणि हवेत वळतो कुठे हे फेस आणि पाथ (क्लब बॉलमधून जातो ती दिशा) यांच्यातल्या फरकावर अवलंबून असते. दोन्ही शॉट उजवीकडे निघतात, म्हणजे फेस टार्गेटच्या उजवीकडे आहे. हुक होतो कारण पाथ त्याहूनही जास्त उजवीकडे आहे.

टॉवेल घट्ट गुंडाळून बॉलच्या एक फूट मागे आणि टार्गेट लाइनपासून सहा इंच आत, म्हणजे तुमच्या बाजूला ठेवा. तो चुकवून मारा. जमले की पाच इंचांवर आणा, त्याहून जवळ नको, तिथे बरा स्विंगही लागेल. अडकलेला क्लब टॉवेलला धडकतो. खोके, विटा असले काही ठेवू नका. इथे मदत करते ते छातीचे वळणे चालू ठेवणे. कमर पुढे पळते, छाती मागे थांबते आणि हात पाठीमागे राहतात, तेव्हा मनगटे फेस फिरवून वेळ मारून नेतात. कधी लवकर फिरवतात, कधी उशिरा. म्हणून एकाच दिवशी दोन वेगळे शॉट.

तपासणी ६: शरीर

भिंतीला पाठ टेकून, टाचा चार-पाच इंच पुढे ठेवून दोन्ही हात सरळ वर न्या. हात डोक्याजवळ पोचायच्या आतच कंबर भिंतीपासून सुटत असेल, तर पाठीच्या बाजूचे स्नायू आखडलेले आहेत. हात वर जायलाच तयार नसले तर ते आडवे जाणार, ड्रिलची यात चूक नाही. मग खुर्चीत बसून, गुडघ्यांत उशी दाबून, हातांची घडी छातीवर घालून दोन्हीकडे वळा. उजवीकडे वळणे स्पष्टपणे कमी असेल तर छातीचा मणका आखडला आहे.

साधे ताणाचे व्यायाम रोज दहा मिनिटे, चार-सहा आठवडे. दुखत असेल तर व्यायाम नाही, फिजिओथेरपिस्ट.

तपासणी ७: क्लब

ही शेवटी, कारण महाग आहे आणि आधी केली तर घात करते. बॉलवर मार्करने जाड उभी रेघ काढा, ती फेसकडे करून शॉट मारा. फेसवर उमटलेली रेघ वरच्या बाजूला टोकडे झुकली तर बॉलला लागताना टो वर होता. हीलकडे झुकली तर टो खाली होता. फ्लॅट खेळाडूचे हात आघाताच्या वेळी बरेचदा खाली असतात, म्हणून टो वर येतो. क्लबफिटर (क्लब खेळाडूच्या मापाचे करून देणारा) ते पाहून लाय अँगल फ्लॅट करून देतो, शॉट आठवडाभर सुधारतात आणि दोष क्लबमध्ये कायमचा बसतो. म्हणून आधी स्विंग, तो सहा आठवडे टिकला की मग फिटिंग.

अपवाद एकच: क्लब तुमच्या उंचीला उघडच लांब असतील, दुसऱ्या कोणाचे आलेले असतील, तर ग्रिप टोकापासून इंचभर खाली धरून पाहा. तेवढ्याने व्हिडिओतला शाफ्ट उभा झाला तर फिटिंग आधी करा.

सराव किती

एका सत्रात ३० ते ४० बॉल पुरेत, सात किंवा आठ नंबरचे आयर्न, अर्धा ते पाऊण वेग. प्रत्येक शॉटआधी तीन संथ रंगीत तालमी, थांब्यासकट. दर दहा बॉलनंतर एक व्हिडिओ. घरी आरशासमोर पाच मिनिटे बिनबॉलचे. रेंजवरच्या (सरावाच्या मैदानावरच्या) तासापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, कारण समोर बॉल नसला की त्याला मारायची घाई नसते. ड्रायव्हर पहिले तीन आठवडे बॅगेतच.

कधी थांबायचे

कंबर, डावा खांदा, मनगट किंवा कोपर दुखू लागले तर त्याच दिवशी. सलग दोन सत्रांत शँक होत असेल तर पुढचे शॉट मारू नका, प्रत्येक शँकबरोबर नवी भरपाईची सवय लागते. आठ सत्रांनंतर व्हिडिओतच बदल नसेल, किंवा व्हिडिओ बदलला आणि बॉल बदलला नाही, तर एकट्याने करण्यासारखे उरले नाही. प्रशिक्षक गाठा.

प्रशिक्षकाकडे जाताना तुमचे जुने-नवे व्हिडिओ घेऊन जा आणि 'माझा स्विंग फ्लॅट आहे' असे निदान सांगू नका. बॉल काय करतो तेवढे सांगा, निदान त्यांना करू द्या. लाँच मॉनिटर (फटका मोजणारे यंत्र) असेल तर क्लब पाथचा आकडा लिहून घ्या. दोन-तीन अंश आतून बाहेर हा ड्रॉ (हलका डावीकडे वळणारा शॉट) खेळणाऱ्याचा नेहमीचा आकडा. सहा-सात अंश आला तर अडकल्याची खात्री समजा. पहिल्या धड्यात तीन-चार गोष्टी बदलायला सांगितल्या तर 'यातली पहिली कोणती?' असे विचारा आणि तेवढीच घेऊन जा. तीन ते चार धडे, प्रत्येकाच्या मध्ये दोन-तीन आठवडे. रोज धडा घेतला तर सराव करायला दिवसच उरत नाही.

स्पर्धा तोंडावर असेल तर हे काहीच सुरू करू नका. तोपर्यंत बॉलच्या इंचभर जवळ उभे राहा, एक क्लब जास्त (नेहमीपेक्षा एक नंबर लांब पल्ल्याचा) घ्या आणि पाऊण स्विंग मारा.